अम्मीची फळी

अर्चना मॅडम बर्फावर घसरायच्या स्कीची लांबलचक पिशवी खांद्यावर टाकून दुबईच्या मॉलमधल्या दुकानात शिरल्या आणि काउंटरमागचा नवा सेल्समन खैरुद्दीन हातातला फडका टाकून उभा राहिला. गेली नोकरी! माल परत आला.

महिन्यापूर्वी याच काउंटरवर स्कीच्या दोन जोड्या मांडल्या होत्या, दोन्ही खोल, भुसभुशीत बर्फासाठीच्या. एक पायाखाली एकशे अठरा मिलिमीटर रुंद, दुसरी एकशे सहा. मॅनेजर सिरिल सर म्हणत होते, "डीप स्नो ना, मॅडम? मग जितकी रुंद तितकी बेस्ट." मॅडमनी खैरुद्दीनला विचारलं, "तुम्ही कुठली घ्याल?"

आणि या शहाण्याने खरं सांगून टाकलं. "मी बर्फ बघितलेलाच नाही, मॅडम. पण आमच्या रत्नागिरीकडे अम्मी खाडीच्या चिखलात फळीवर गुडघा टेकून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला जाते. अरुंद फळी रुतते, हे खरं. पण हलक्या माणसाला फार रुंद दिली तर ती वळता वळत नाही. तुम्ही हलक्या आहात. एकशे सहा घ्या."

मॅडम गेल्यावर सर भडकले. "दुकानात चिखल विकतोस? ही जोडी परत आली तर तुझं प्रोबेशन खलास, हबीबी!"

आता सर केबिनमधून धावतच आले. "काही प्रॉब्लेम, मॅडम?"

"प्रॉब्लेम?" मॅडम हसल्या. "गेल्या वर्षी भाड्याच्या अरुंद स्कीवर कमरेपर्यंत रुतून बसले होते. लेक खाली उभी राहून रडत होती. यंदा जपानला तिच्या मागोमाग झाडांमधून वळत वळत उतरले, एकदाही रुतले नाही. आता स्कीच्या तळाला वॅक्स लावायचंय, पण यांच्याच हातून."

"अंकल, ममा वॉज फ्लोटिंग!" मॅडमसोबत आलेली लेक अस्मी म्हणाली.

"मी म्हटलं नव्हतं? हा आमचा एक्स्पर्ट आहे," सर बेधडक म्हणाले. मग हळूच खैरुद्दीनला, "उद्या ये केबिनमध्ये. कन्फर्मेशनचं बघू."

"तुमच्या अम्मींना माझे थँक्स सांगा," निघताना मॅडम म्हणाल्या. "विसरू नका हं."

अल्लाचे आभार मानावेत तेवढे थोडेच. लंच ब्रेक होताच त्याने गावी फोन लावला.

"अम्मी, एक बाई तुला थँक्यू म्हणत होत्या. तुझी फळी जपानला जाऊन आली."

खारा चिखल धुतल्याशिवाय अम्मी आपली फळी कधी ठेवत नसे.

"मग गोड्या पाण्याने धुऊन ठेव रे बाबा," ती म्हणाली.