थूराआजींचे बारा काटे

थूराआजी सकाळपासून स्टीलचे काटे-चमचे घासत बसल्या होत्या. वर्षानुवर्षं भांडी धुण्याच्या मशीनमध्ये धुऊन कळाहीन झालेल्या बाराही जोड्यांना खायचा सोडा चोळायच्या, व्हिनेगर घातलेल्या गरम पाण्यातून काढायच्या आणि लगेच कोरड्या पुसायच्या.

“आजी, तुम्हाला एकच काटा लागतो की!” एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या मदतीसाठी नगरपालिकेकडून घरकामाला येणारी लोने म्हणाली.

“रविवारी मला पंच्याऐंशी पुरी होतात. मुलं, सुना, नातवंडं, सगळी येणार. आणि माझ्या सुना कशाला नाक मुरडतील याचा नेम नाही, बये!”

सोमवारी लोने आली तेव्हा सिंकमध्ये बारा ताटल्या आणि बारा काटे पडले होते. सगळ्यांवर सॉस वाळला होता.

“आली वाटतं सगळी?”

“आली म्हणजे? ताटल्या चाटूनपुसून गेली. तू तोंड कमी चालव, हात चालव.”

भांडी आटोपून लोनेने दूध ठेवायला फ्रिज उघडला. आत वाढदिवसाचा केक होता, छोटे झेंडे खोचलेला, अख्खाच्या अख्खा.



तिने दार हळूच लावलं आणि म्हणाली, “हो आजी, खरकट्यावरूनच कळतंय, घर अगदी भरलं होतं.”