सासूबाईंच्या बेसिनमागची टाईल

स्वयंपाकघराच्या ओट्यामागे लावायला मी निळी काचेची मोझॅक टाईल निवडली, आमच्या बाथरूमला शिंपल्यासारखी चमकणारी. शेवटी उरलं सासूबाईंच्या खोलीतलं बेसिन. दुकानदार नमुने काढायला लागला, तशी मी हलकेच म्हणाले, “तिथं उरलीसुरली कुठलीही चालेल. त्यांना कुठं दिसतंय?” मागे खुर्चीवर बसलेल्या सासूबाईंची दृष्टी गेलेली, पण कान तिखट. त्या चाचपडत काउंटरपाशी आल्या. आता चारचौघांत माझी खरडपट्टी निघणार! त्या मात्र दुकानदाराला म्हणाल्या, “सूनबाईचं बरोबरच आहे. पण रोज सकाळी माझं तोंड धुऊन द्यायला तीच तिथं उभी असते. तिला आवडेल ती लावा.” “मग कोणती दाखवू, ताई?” दुकानदारानं विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सासूबाईंचा हात नमुन्यांवर टेकवला. “ही कुठल्या रंगाची गं?” त्यांनी विचारलं. मान खाली घालूनच मी सांगू लागले.