डाव्या आरशातली रेघ

या मायबाप, असे जवळ बसा. थोरल्या भावाची गोष्ट सांगतो.

दादा गेला तशी त्याची जुनी मोटरसायकलही बंद पडली, आणि वहिनी वर्षभर उंबऱ्याबाहेर आली नाही. तिला फिरवायला मी लांबच्या प्रवासाची, रुंद सीटची नवी मोटरसायकल घेतली.

"भावोजी, हा तर सोफा! यांच्या जुन्या गाडीची सर नाही याला."

निघण्याआधी दादा डावा आरसा अंगठ्याने पुसायचा. अंगठ्यावरच्या जुन्या व्रणाची तिरकी रेघ काचेवर उमटायची.

नव्या आरशावर तीच रेघ होती. मी फडक्याने घासली, पण जाईना. ती काचेच्या आतून होती.

वहिनीने शांतपणे हेल्मेट चढवलं.

"चला. यांना सोफा पसंत पडलाय."

मायबाप, आरसा पुसताना माझ्या दादाला आठवा.