लाल दोऱ्याचं बटण

सहलीचा शेवटचा दिवस. सकाळी ह्यांच्या काळ्या कोटाचं बटण निघालं. माझा जन्म शिवणकामात गेला, पण काळा दोरा नेमका घरीच राहिला. मग लाल दोऱ्याने वेळ मारून नेली.

"शोभा होईल," हे कुरकुरले.

"एवढ्या जवळून कोण बघतंय?"

चित्रसंग्रहालयाच्या शेवटच्या दालनात हे बाकावर टेकले. मी एका दोनशे वर्षांपूर्वीच्या चित्रासमोर थांबले. त्यात रिकामी खोली, अर्धवट उघडं दार आणि खुर्चीवर काळा कोट होता. मी चष्मा पुसून जवळ गेले. मधलं बटण लाल दोऱ्याने शिवलेलं होतं. टाका माझ्याच हातचा होता.

वळून पाहिलं. बाक रिकामा होता.

"अगं, माझा कोट दे गं. इथे फार गारठा आहे."

आवाज चित्रातल्या दारामागून आला.