लेकीच्या बाजूचा ब्रेक

पुलाच्या चढावर गाडी बंद पडली आणि मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून कान किटवले. स्टीअरिंगवर बसलेल्या बाबांचा श्वास कोंडला. शेजारी शिकवायला बसलेल्या लेकीने आपल्या बाजूचा ब्रेक दाबून धरला.

“बाबा, फुंकर मारल्यासारखा हळूहळू श्वास सोडा. घाबरण्याचे असे झटके मी पुष्कळ पचवलेत.”

बाबांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. गोळ्या तिच्याच, तिला कधी लागल्या तर म्हणून ते जवळ बाळगायचे.

तिने पट्टी उलटून पाहिली. “ह्या नका घेऊ. मुदत कधीच संपलीय.”

“संपली? म्हणजे इतक्या दिवसांत तुला लागल्याच नाहीत?”

“नाही.”

बाबांनी पोटभर श्वास घेतला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“अरे, थांब की जरा! माझी लेक शिकवतेय!”