बाराचा अंगठा

बारा वाजले आणि सवयीने माझी पावलं लॉन्ड्रीच्या दाराकडे वळली. तिथल्या हजेरीच्या मशीनवर आम्ही बाया रोज दुपारी अंगठा लावायचो, म्हणजे हिशेबात घरी जायचो, आणि पुन्हा आत येऊन संध्याकाळपर्यंत हॉस्पिटलच्या चादरी धुवायचो. करारात अर्धाच दिवस लिहिलेला होता ना.

गेल्या वर्षी माझ्या शेजारी काम करताना यमुनाक्काचा हात भरदुपारी इस्त्रीत भाजला. साहेब म्हणाले, "या बाई तर बारालाच गेल्या होत्या." मशीन तरी काय वेगळं सांगणार. त्या दिवशी मी ठरवलं, आता गप्प बसायचं नाही. बाया माझ्यामागे उभ्या राहिल्या, कामगार कार्यालयाचे उंबरे आम्ही झिजवले, आणि काल नवे करार हातात पडले. जेवढं काम करतो, तेवढे तास त्यात लिहिलेले.

आणि आज मीच मशीनपुढे अंगठा वर करून उभी. मागून यमुनाक्काने माझं मनगट धरलं, त्याच भाजलेल्या हाताने.

"कुठं निघालीस, पुढारीणबाई? आपण आता इथंच असतो."

बायांना हसू आवरेना. मी आत गेले. चादरीची दोन टोकं आक्काने धरली, दोन मी, आणि झटकून घडी घातली.

संध्याकाळी मशीनपुढे रांग लागली. साहेब दारातच होते. यमुनाक्काने पदराला अंगठा पुसला, त्यांच्याकडे बघत मशीनवर दाबला आणि म्हणाली, "बघून ठेवा साहेब. आत्ता चाललेय मी घरी."