एका शब्दाचा मूकपट

उपेंद्रनं कॅमेऱ्याची वायर टीव्हीला जोडली आणि तिघं सोफ्यावर दाटीवाटीनं बसली. सकाळी गच्चीवर घेतलेला सीन पडद्यावर आला. नऊ वर्षांची ऊर्मी चेंडू खेळते आहे. चेंडू शेजारच्या मामींच्या कुंडीवर आदळतो, कुंडी फुटते. ऊर्मी इकडेतिकडे बघते. कोणीच पाहिलेलं नाही. तरी ती पळत नाही. कुंडीचा एक तुकडा उचलते आणि गच्चीला लागूनच असलेल्या मामींच्या दाराकडे निघते.

"काय छान केलंयस गं!" अर्चना लेकीला म्हणाली.

चूक झाली तर कबूल करावी, एवढंच सांगणारी पाच मिनिटांची फिल्म. पोंगलच्या संध्याकाळी गच्चीवर चादर ताणून ती बिल्डिंगमधल्या मुलांना दाखवायची होती. चेन्नईच्या वेस्ट मांबलममधल्या त्या बिल्डिंगमध्ये तमिळ होते, तेलुगू होते, एक मारवाडी कुटुंब होतं आणि मराठी म्हणजे हे तिघंच. तेव्हा फिल्ममध्ये कोणी बोलायचंच नाही, म्हणजे सगळ्यांना कळेल, असं उपेंद्रनं जाहीर केलं होतं.

कॅमेऱ्याला मात्र हे कोणी सांगितलं नव्हतं. चित्रामागे कावळे ओरडत होते, खाली भाजीवाला हाका मारत होता. आणि मध्येच, अगदी जवळून, अलमेलू मामींचा आवाज आला. त्या तमिळमधून विचारत होत्या, "एकही डायलॉग नाही? असं का?"

मग उपेंद्रचा दबका आवाज, मोडक्यातोडक्या तमिळमध्ये. "ऊर्मी बोलताना अडखळते ना, मामी. पोरं हसतील. त्यापेक्षा न बोललेलंच बरं."

उपेंद्र रिमोट शोधायला धडपडत उठला. रिमोट अर्चनाला सापडला. तिनं आवाज बंद केला. पडद्यावरची ऊर्मी चालतच राहिली.

सोफ्यावरची ऊर्मी हलली नव्हती. तिचं तमिळ बापापेक्षा कितीतरी चांगलं होतं.

"म्ह-म्हणजे माझ्यामुळे?"

"नाही गं, तसं नाही. सगळ्या मुलांना समजावी म्हणून..."

"त-तमिळ सगळ्यांना येतं, बाबा."

उपेंद्र खाली बसला. अर्चना त्याच्या मदतीला आली नाही.

"तुझ्यामुळे नाही," तो शेवटी म्हणाला. "माझ्यामुळे. मी घाबरलो. तू अडकलीस आणि सगळी हसली, तर मला बघवणार नाही, असं वाटलं. आणि तुझ्याशी खोटं बोललो."

ऊर्मीनं त्याच्याकडे नीट पाहून घेतलं.

"ह-हसतात ती. शाळेत पण. मी त्यांना सां-सांगते, थांबा, अजून यायचंय."

अर्चना उगाचच टीपॉयवरचा पेपर घडी करायला लागली.

"मग आता काय करायचं?" उपेंद्रनं विचारलं. सकाळपासून पहिल्यांदाच तो कोणाला तरी विचारत होता.

"एक श-शब्द. शेवटी. मी म्हणणार."

ती स्वतःच जाऊन मामींना घेऊन आली. मामी स्वयंपाक टाकून आल्या होत्या, पदर अजून खोचलेलाच. कोणाचंही वाक्य त्या पुरं होऊ देत नसत; समोरचा निम्म्यात असतानाच उरलेलं त्याच बोलून मोकळ्या होत. उपेंद्रला त्याचीच धास्ती होती. पण ऊन उतरायच्या आत सीन घ्यायला हवा होता. त्यानं गच्चीवर, मामींच्या दारासमोर कॅमेरा स्टँडवर लावला, भिंगाला डोळा लावला आणि मान हलवली.

ऊर्मीनं दार वाजवलं. मामींनी उघडलं. ऊर्मीनं कुंडीचा तुकडा दोन्ही हातांनी पुढे धरला. आता तो शब्द. 'नान्दान्'. मीच.

"ना..."

पुढचं येईना. तिचे ओठ ताणले गेले, मान एका बाजूला ओढली गेली. मांबलम स्टेशनातून गाडी सुटली, बिल्डिंगमागून धडधडत निघून गेली. उपेंद्रचं बोट सवयीनं कॅमेरा बंद करायच्या बटणावर गेलं. त्यानं ते काढून घेतलं आणि हात खिशात घातला.

मामींचं तोंड उघडलं होतं. शब्द त्यांना ठाऊक होता, जिभेवर आला होता. त्यांनी तोंड मिटलं. खाली वाकून कान पुढे केला आणि त्या थांबल्या.

"ना... ना... नान्दान्, मामी."

मामींनी तुकडा बाजूला ठेवला आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. फिल्ममध्ये आधी त्या रागावणार होत्या. ते त्या साफ विसरल्या. ऊर्मी हसत कॅमेऱ्याकडे वळली.

आता उपेंद्रनं 'कट' म्हणायचं होतं. सगळी त्याच्याकडे बघत होती. त्यानं दोनदा घसा खाकरला, पण शब्द काही येईना.

"था-थांबा," ऊर्मी मामींना म्हणाली, "अजून यायचंय."